वूफरची नाडी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. अहमदपुरात दुपारी दोनच्या सुमारास लाईट गेली, तासाभराने आली, पुन्हा दोनदा झबकली आणि मग टिकली. टीव्ही बंद होता. मोबाइल जोडलेला नव्हता. तरी हॉलमधल्या होम थिएटरचा वूफर एकटाच घुमायला लागला. घूंऽऽ असा सलग, थांबायचं नाव न घेणारा आवाज. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या त्याच्या सुरात झिणझिणत होत्या. आईने ताटल्यांवर तळहात ठेवला की त्या गप्प व्हायच्या, हात काढला की पुन्हा सुरू. ती म्हणाली, "हे तर कोपऱ्यावरच्या डीपीसारखं वाजायलंय."

तिचा कान तिखट आहे. रस्त्याकडेच्या डीपीजवळून, म्हणजे विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळून, जाताना जो जाड, एकसुरी आवाज येतो, तोच सूर आमच्या वूफरमधून येत होता. गाणं नाही, वायर नाही, मग हा सूर आला कुठून? आणि नेमका डीपीचाच का?

गावात एका ठिकाणी वूफर दाखवला तर उत्तर मिळालं, "किट गेलंय, नवीनच घ्या." मला ते पटलं नाही. किट पूर्ण गेलं असतं तर वूफर मुका झाला असता. हा तर बोलत होता. वैद्य नाडी बघतो तसा हा आवाज नीट ऐकला, तर दुखणं कुठे आहे ते पेटी उघडायच्या आधीच बरंचसं कळतं. घरच्या घरी हे कुणालाही जमेल. मात्र त्यासाठी आत काय चालतं ते आधी समजून घ्यायला हवं.

विहीर, फूटव्हॉल्व्ह आणि हौद

वूफरच्या लाकडी पेटीत तीन गोष्टी असतात : वीज तयार ठेवणारा भाग, आवाज मोठा करणारा भाग आणि स्पीकर. साध्या स्पीकरला शक्ती बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून मिळते. या वूफरचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो, म्हणून त्याची पिन थेट बोर्डात जाते.

आपल्या घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही. झोक्यासारखी ती पुढे-मागे होते, सेकंदाला ५० वेळा. दाब असतो २३० व्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायरला मात्र हवी असते एकाच दिशेची, शांत, कमी दाबाची वीज. लहान वूफरमध्ये साधारण १५ ते २० व्होल्ट. आधी ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो. मग चार डायोड येतात. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. डायोड विजेसाठी तेच काम करतो. चार डायोड अशा रीतीने जोडलेले असतात की झोका पुढे जावो की मागे, वीज बाहेर पडते ती एकाच बाजूने. पण सलग नाही, हिसक्या-हिसक्यांनी. सेकंदाला ५० झोके, प्रत्येक झोक्याचे दोन हिसके, म्हणजे सेकंदाला १०० हिसके.

हिसके खाणारं पाणी पिकाला सोडता येत नाही. म्हणून शेतकरी ते आधी हौदात घेतो आणि हौदाच्या तोटीतून संथ धार सोडतो. वूफरमधला हौद म्हणजे कंडेन्सर. पेटीतल्या सर्किट बोर्डावर अंगठ्याएवढे, प्लॅस्टिकचं आवरण चढवलेले दोन उभे डबे दिसतात, ते हेच. प्रत्येक हिसक्याला ते भरून घेतात आणि मधल्या क्षणात अ‍ॅम्प्लिफायरला पुरवत राहतात.

आता कल्पना करा, हौदात गाळ भरला. पाणी येतं तेवढंच, पण साठायला जागा नाही. मग मोटरचे हिसके थेट तोटीपर्यंत पोचतात. कंडेन्सर आतून वाळला की तेच होतं. सेकंदाला १०० हिसके अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत जातात आणि कागदी कोन सेकंदाला १०० वेळा थरथरतो. कानाला ऐकू येतं घूंऽऽ.

आणि डीपी? त्याच्या आतला पोलादी पत्र्यांचा गाभा चुंबकत्वामुळे कणभर लांबतो आणि आखडतो. झोका कोणत्याही दिशेचा असो, ओढ तीच, म्हणून हेही सेकंदाला १०० वेळा. यंत्रं दोन, कारणं दोन, पण सूर एकच.

दोन घुमारे, दोन दुखणी

घुमणाऱ्या वूफरची पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. मागची टीव्हीकडून येणारी वायर काढून टाका, आवाजाचं बटण शून्यावर आणा आणि ऐका. तरीही घुमत असेल तर दुखणं पेटीच्या पोटात आहे, बहुतेक वेळा त्या हौदांमध्ये. वायर काढताच शांत झाला, तर वूफर निरोगी आहे आणि घाण बाहेरून येते आहे.

कान तयार असेल तर सुरातही फरक कळतो. बाहेरून येणारा घुमारा बहुधा ५० च्या चालीचा, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा. पेटीवादकाने खर्जाचा सा धरावा आणि मग मध्य सप्तकातला सा, इतका तो फरक स्पष्ट असतो. लहान वूफरमध्ये ५० चा सूर कानापेक्षा पेटीवर ठेवलेल्या हाताला जास्त जाणवतो.

बाहेरच्या घुमाऱ्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे वायरच्या पिनेजवळ आतली जाळी तुटलेली. वायरच्या मधल्या तारेभोवती तांब्याची बारीक जाळी असते. घरभर पसरलेल्या विजेच्या तारांचा प्रभाव ती अडवते. पिनेपाशी वायर सारखी वाकून जाळी तुटली की मधली तार उघडी पडते. वायर हलवल्यावर घुमारा कमी-जास्त होत असेल तर दुसरी वायर आणा, काम झालं.

दुसरं कारण जरा गुंतागुंतीचं. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स छतावरच्या छत्रीशी किंवा गल्लीतून आलेल्या केबलशी जोडलेला असतो आणि तिच्या धातूच्या आवरणातून त्याचा जमिनीशी कुठेतरी संबंध येतो. थ्री पिनचे वूफर आणि टीव्ही मात्र घरातल्या अर्थिंगशी जोडलेले. जमिनीकडे जायला दोन वाटा झाल्या आणि दोन्ही वाटांचा दाब सारखा नसेल, तर थोडी वीज या दोन वाटांच्या मधल्या वायरीतून फिरत राहते. तीच घुमते. हे ओळखायला मोबाइल कामाला येतो. चार्जरला न लावलेला मोबाइल वूफरला जोडा. त्याचा जमिनीशी काहीच संबंध नसतो. मोबाइलवर गाणं स्वच्छ वाजलं आणि टीव्हीवर घुमलं, तर दोष या दोन वाटांचा.

यावर उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेणं आणि अर्थिंग दुरुस्त करणं. काही जण थ्री पिनची जाड अर्थची पिन तोडून टाकतात. घुमारा थांबतोही, पण पुढे कधी आत फेज वायर धातूला लागली तर ती वीज जमिनीत जाण्याऐवजी हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. हे कधीही करू नये.

आपल्या भागातल्या काळ्या जमिनीचा इथे मोठा संबंध आहे. ही माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात वाळून तिला हातभर भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती आत पुरलेल्या पट्टीपासून सुटते, विजेची जमिनीकडची वाट अरुंद होते. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतायचं असतं. घर बांधताना गवंड्याने हे सांगितलेलं असतं, पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुका वूफर

दिवा लागत नाही, आवाज नाही. अशा वेळी सर्वांत आधी फ्यूज. बऱ्याच वूफरना मागच्या बाजूला पिनेजवळ फ्यूजची बारीक टोपी असते. पिन बोर्डातून काढून ती फिरवा, आतून काचेची नळी बाहेर येईल. ती उजेडात धरून बघा, फ्यूज बरंच काही सांगतो. आतली तार मधूनच तुटून लोंबत असेल तर थोडा जास्त भार आला किंवा तार जुनी होऊन थकली. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल, तर तार क्षणात वितळून उडाली. म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि नवा फ्यूजही उडणार. त्याच आकड्याचा फ्यूज घाला. फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी करणं.

नवा फ्यूज घातल्यावर थेट बोर्डात पिन घालायची हिंमत होत नाही, आणि करूही नये. इथे आपल्याकडच्या मेकॅनिकांची जुनी युक्ती उपयोगी पडते : सिरीज बोर्ड. एका लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट, वीज बल्बमधून गेल्याशिवाय सॉकेटला पोचणार नाही अशी जोडणी, आणि होल्डरमध्ये जुना पिवळा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब. एलईडी बल्ब चालत नाही. आत शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब खातो, प्रखर पेटतो आणि वूफर वाचतो. वूफर ठीक असेल तर बल्ब एकदा लख्ख चमकतो आणि लगेच मंदावतो. ती चमक म्हणजे रिकामे हौद भरल्याची खूण. मी लहानपणी रेडिओच्या दुकानात हा बल्ब चमकून विझताना पाहिला आणि तेव्हापासून मला या कामाची ओढ लागली.

चौकट : हात घालण्यापूर्वी

पिन बोर्डातून पूर्ण काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. दहा मिनिटं थांबा, कंडेन्सर वीज धरून ठेवतात.

पेटी हलकी वाटली आणि आत जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसेल, तर आत एसएमपीएस, म्हणजे वेगळ्या जातीचा वीजपुरवठा, आहे. त्याच्या पहिल्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. सवय नसलेल्याने तिथे हात घालू नये.

जड ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या पुढच्या बाजूला दाब कमी असतो; पण पिन, फ्यूज आणि बटण यांच्यावर २३० व्होल्टच असतात.

घूं, वायर काढल्यावरही : कंडेन्सर. घूं, वायर जोडल्यावरच : वायर किंवा अर्थिंग. बटण फिरवताना खर्र खर्र : बटणात धूळ. फाटका, घासणारा आवाज : स्पीकर. चालू करताच मोठा 'धप्' आणि कोन एका बाजूला ताठ : आवाज मोठा करणारा आयसी शॉर्ट, लगेच बंद करा.

स्पीकर जिवंत आहे का?

स्पीकर तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवा आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टप्' असा आवाज होऊन कोन पुढे किंवा मागे उडी मारेल. उडी मारली नाही तर आतली कॉइल तुटली किंवा जळली. मीटर असेल तर ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण साडेतीन ओहमच्या आसपास दाखवतो.

मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान अंतरावर ठेवून हलकेच आत दाबा. गुपचूप आत गेला आणि परत आला तर बरं. खसखस आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. कोनाच्या कडेची फोमची रिंग बोटाने चाचपा. जुनी रिंग वाळलेल्या पोळीसारखी तुकडे पडून हातात येते. रिंग आणि कोन दोन्ही बदलता येतात. मोठ्या गावांत री-कोनिंग करणारे कारागीर आहेत. अख्खा स्पीकर टाकून द्यायची गरज क्वचितच असते.

ही रचना, चुंबकाच्या फटीत तरंगणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी कोन, १९२५ मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या इंजिनिअरांनी जगापुढे मांडली. शंभर वर्षं झाली, पण वूफरमध्ये आजही मूळ गोष्ट तीच आहे. तिचा एक कच्चा दुवाही तोच राहिला आहे. कॉइल पुढे-मागे हलण्यासाठी केलेली आहे. आयसी शॉर्ट झाला की तिच्यातून एकाच दिशेची वीज सलग जाते. कोन एका टोकाला जाऊन अडकतो, हलणं थांबतं, आणि सगळी शक्ती कॉइल तापवण्यात जाते. काही सेकंदांत जळका वास येतो. म्हणून स्पीकर जळालेला सापडला तर नवा लावण्याआधी स्पीकरच्या वायरींवर, काहीही वाजत नसताना, डीसी म्हणजे एकाच दिशेची वीज मोजा. थोडे मिलिव्होल्ट चालतात. एक व्होल्टही आला तर आधी आयसी बदला, नाहीतर नवा स्पीकरही जाईल.

लहान वूफरमध्ये हा आयसी बरेचदा टीडीए २०३० या जातीचा, पाच पायांचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने आवळलेला असतो. त्याच्या मागचा धातू आतून उणे बाजूशी जोडलेला असतो. म्हणून आयसी आणि पट्टी यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती असेल, तर ती परत तशीच बसवायची. ती विसरली तर शॉर्ट होऊ शकतो.

ताटल्या का वाजतात?

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. ५० च्या सुराची एक लाट त्यामुळे जवळजवळ ७ मीटर लांब होते, आपल्या हॉलपेक्षाही लांब. म्हणूनच वूफर नेमका कुठून वाजतो ते कानाला कळत नाही, आणि म्हणूनच तो भिंती, खिडक्या, मांडणी सगळ्यांना हलवतो. ज्या वस्तूचा स्वतःचा सूर जुळतो, ती झिणझिणते. फाटका आवाज आला की आधी खोलीतल्या वस्तूंवर हात ठेवून बघा. निम्म्या वेळा दोष खिडकीच्या सैल काचेचा निघतो.

लातूर जिल्ह्यात या थरथरीला आणखी एक अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. ती पहाट पाहिलेली माणसं आजही ताटल्या वाजल्या की आधी दाराकडे बघतात. आमच्या घरात रात्री दहानंतर वूफर बंद असतो, तो याच कारणाने.

पेटीला हवेसाठी जे गोल भोक असतं, तेही विसरू नका. उबदार, अंधारी, आडोशाची जागा. पाल, झुरळ, उंदीर सगळ्यांना ती आवडते. एका पेटीत मला उंदराने कुरतडलेल्या वायरी आणि कापसाचं घरटं सापडलं होतं. मच्छरजाळीचा तुकडा आतून चिकटवला की हा प्रश्न मिटतो.

कंडेन्सर वाळतो कशाने?

आता आमच्या वूफरकडे येतो. पिन काढली, थांबलो, मागचे आठ स्क्रू सोडवून पत्रा बाहेर ओढला. दोन कंडेन्सरांपैकी एकाचं डोकं फुगलेलं होतं. या डब्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच मुद्दाम पाडलेली असते, म्हणजे आत वायू साठला तर डबा फुटण्याऐवजी खाच उघडते. ती खाच वर उचलली होती आणि तिच्या कडेला तपकिरी पापुद्रा जमला होता. दुसरा वरून ठणठणीत दिसत होता. पण जोडीतला एक गेला की दुसऱ्याचं वयही तेवढंच झालेलं असतं.

कंडेन्सरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये औषधाने भिजवलेला कागद यांची गुंडाळी असते. ओल आहे तोवर कंडेन्सर आहे. उष्णतेने ओल उडते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, १० अंशांनी उतरलं की दुप्पट. साध्या कंडेन्सरवर ८५ अंश लिहिलेलं असतं, आणि अशांची हमी बरेचदा त्या तापमानाला २,००० तासांची असते.

हिशेब करून बघू. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर जाते. बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरची ऊब १५ अंशांची धरली तर आत ५५. म्हणजे ८५ पेक्षा ३० अंश कमी, तीनदा दुप्पट, १६,००० तास. रोज तीन तास वाजवला तर हे तास १४ वर्षं पुरतील. पण रिमोटने बंद केलेला वूफर बंद नसतो. अनेक वूफरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर चोवीस तास चालूच राहतात. चोवीस तासांच्या हिशेबाने तेच १६,००० तास दोन वर्षांच्या आत संपतात. हिवाळा थोडी सूट देतो, हे खरं. पण आमचा वूफर गाण्यांनी थकला नव्हता. तो टीव्हीखालच्या बंद कपाटात, लाल दिवा लावून, रात्रंदिवस नुसता उभा राहून थकला होता. आणि शेतीपंप बंद झाल्यावर चढणाऱ्या, लाईट येताना उसळणाऱ्या व्होल्टेजचा मार त्यावर वेगळा.

नवे कंडेन्सर घेताना साठवणीचा आकडा तोच घेतला, ४७०० मायक्रोफॅरड. व्होल्टचा आकडा जुन्याएवढा किंवा वरचा चालतो, खालचा कधीच नाही. तापमान मात्र ८५ ऐवजी १०५ अंशांचं मागून घेतलं. फरक थोड्या पैशांचा असतो आणि वरच्या नियमाने आयुष्य चौपट होतं. अंगावर पांढरा पट्टा असतो ती बाजू उणे. काढण्यापूर्वी मोबाइलने बोर्डाचा फोटो काढून ठेवला, कारण उलटा बसलेला कंडेन्सर फुटतो. ३५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने जुना डाग वितळवला, पंपाने कथील ओढून घेतलं, पाय सैल झाल्यावर डबा सरळ वर उचलला. घाईने ओढला तर बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडून येते. नवा डाग चकचकीत आणि उतरत्या टेकडीसारखा बसायला हवा. गोळीसारखा, निस्तेज बसला तर तो वरवर चिकटलेला असतो आणि पुढे सुटतो.

पिन सिरीज बोर्डात घातली. पिवळा बल्ब लख्ख चमकला आणि मंद होत होत विझल्यासारखा झाला. मग थेट बोर्डात लावून मी जमिनीवर बसलो आणि कोनाजवळ कान नेला. आई मांडणीपाशी उभी होती, हात मागे बांधून, ताटल्यांकडे बघत. वूफर गप्प होता. खिडकीतून ऐकू येत होता तो फक्त कोपऱ्यावरचा डीपी.